चौथा होकार

खिळ्यांच्या कारखान्यातल्या मुख्य दालनात ध्वनिपातळी एकशे एक डेसिबल होती, तेव्हा एकोणीस वर्षांत एकाही माणसाचा हात यंत्रात सापडला नाही. ती पातळी एकोणऐंशी डेसिबलवर आणल्यानंतर चौदा महिन्यांत तीन हात सापडले.

तिसरा हात माझ्या बहिणीचा होता.

त्या अपघाताची चौकशी झाली. ‘दांडेवाल्याची बेपर्वाई’ असे कारण समितीने पेन्सिलने लिहून ठेवले आणि कागद माझ्याकडे पाठवला. दालनाचा आवाज कमी करण्याची योजना माझी होती, त्यामुळे तांत्रिक अभिप्राय माझा लागणार होता. ‘यंत्रणेत दोष आढळला नाही’ एवढे लिहून मी सही केली असती, तर पेन्सिलीच्या जागी शाई आली असती आणि दांडा ओढून यंत्रे सुरू करणारा तो दांडेवाला, ज्याला सगळे लंबू म्हणतात, अकरा वर्षांच्या नोकरीनंतर घरी बसला असता. जखमी बाई माझी सख्खी बहीण आहे हे समितीला ठाऊक होते. त्यामुळे मी लंबूची बाजू घेणार नाही, असा त्यांचा अंदाज असावा. मला तीस दिवसांची मुदत होती. यंत्रणेत दोष नव्हता. वाक्य खरे होते आणि तरीही ते मला लिहवेना, कारण एकोणीस वर्षांत एकही नाही आणि चौदा महिन्यांत तीन, याचा उलगडा त्यातून होत नव्हता.

मी ध्वनिमापनाचे काम करते. गोंगाट मोजायचा, तो कोठून उगम पावतो ते शोधायचे आणि कमी कसा करता येईल ते लिहून द्यायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. यात कोणाला काय वाटते याला फारशी किंमत नसते. ‘फार आवाज आहे हो’ असे सांगणाऱ्याला मी ‘किती?’ असे विचारते. मला हे काम आवडते, त्याचे एक कारण हेच आहे.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. ती अठराव्या वर्षी खिळ्यांच्या कारखान्यात लागली, तेव्हा मी सहा वर्षांची होते. ती आणि मी एकाच खोलीत वाढलो असे म्हणता येईल, पण खरे म्हणजे तिने मला त्या खोलीत वाढवले. मी अभ्यास करत असले की ती हाक मारत नसे. दारात उभी राहायची, पाचही बोटांची चिमूट करून हनुवटीवर दोनदा ठोकायची. जेवलीस का, असा त्याचा अर्थ. मी मान वर करून तीच चिमूट माझ्या हनुवटीवर ठोकेपर्यंत ती दारातून हलायची नाही. ही खूण तिने कारखान्यातून आणली होती. तिथे सगळेच खुणांनी बोलत, कारण एकशे एक डेसिबलमध्ये शेजारच्या माणसाच्या कानात ओरडले तरी त्याला फक्त ऊब लागते.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मी तिच्याकडे गेले होते. ओट्यावर किटली शिट्टी मारत होती आणि ताई तिच्याकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पाच मिनिटे थांबले. मग खिडकीच्या काचेवर वाफ धरली, ती तिला दिसली आणि तिने गॅस बंद केला.

पुढच्या रविवारी मी माझे श्रवणचाचणीचे यंत्र घेऊन गेले. तिच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिले, आवाज आला की दाबायला सांगितले. वीस मिनिटांत चाचणी झाली. ताईने हेडफोन काढले आणि विचारले, “पास का?”

“नापास.”

“दोन्ही कानांत?”

“दोन्ही.”

“मग बरं. एकात पास झाले असते तर दुसऱ्याला वाईट वाटलं असतं.”

भाऊजी कोपऱ्यात बसून बूट पुसत होते. ते पूर्वी त्याच दालनात दांडा ओढत. गुडघे दुखायला लागल्यावर खिळ्यांची खोकी बांधायच्या खोलीत गेले. ते म्हणाले, “अगं, आमचं लग्नच बघून ठरलं. एका ओळीत ती, ओळीच्या टोकाला मी. सहा महिने नुसते हातवारे. ऐकून ठरलं असतं तर हिनं माझा आवाज ऐकूनच नकार दिला असता.”

“अजूनही देईन,” ताई म्हणाली. “आता ऐकायलाच येत नाही, म्हणून निभावलं.”

दोघे हसले. मी हसले नाही. चार हजार हर्ट्झला तिचा डावा कान साठ डेसिबल खाली गेला होता, उजवा पंचावन्न. गेलेले परत येत नाही. उरलेले वाचवता येते. मी कारखान्याला अर्ज केला. गोंगाटाचे नवे नियम लागू व्हायचे होते, त्यामुळे मालकांनाही घाई होती. मला काम मिळाले.

मी तीन दिवस मोजमाप केले. दालनात बारा यंत्रे होती, चारचारच्या तीन ओळी. मागून तारेचे वेटोळे उलगडत यंत्रात शिरते, घण एक फटका मारून खिळ्याचे डोके करतो, कात्री टोक काढते, खिळा खाली पडतो. हे एका मिनिटात अडीचशे वेळा, आणि बारा ठिकाणी. दर थोड्या वेळाने तार आत अडकते. मग झाकण उघडून लोखंडी आकड्याने तुकडा काढायचा. आकडा पुरला नाही तर बोटांनी. त्यासाठी यंत्र थांबवावे लागते, आणि ते एकेकटे थांबत नाही. ओळीच्या टोकाला एक दांडा असतो. तो ढकलला की चारही थांबतात, ओढला की चारही सुरू होतात. दांड्याशी एक माणूस दिवसभर उभा असतो.

खुणा मी तेव्हा नीट पाहिल्या नाहीत. मला त्या लहानपणापासून माहीत होत्या, आणि माहीत असलेले मी मोजत नाही. मूठ वर म्हणजे थांबव. दोन बोटे गळ्याशी म्हणजे तार संपत आली. कमरेची विजार वर ओढल्यासारखे केले की मुकादम येतोय. मुकादमाला ही खूण माहीत होती आणि तोही कधी कधी स्वतःच्या येण्याची वर्दी तशीच देत असे. माझ्यासाठी त्यांनी दुसऱ्या दिवशीच खूण तयार केली होती. हात कानामागे आणि नाक वर. त्याचे बोलण्यातले नाव ‘डेसिबलबाई’.

एक खूण मात्र सांगायला हवी. यंत्रात हात घालायचा असेल तेव्हा बाईने डावा तळवा स्वतःच्या डोक्यावर ठेवायचा आणि फक्त उजव्या हाताने काम करायचे. तो तळवा पाहून दांडेवालाही आपला तळवा डोक्यावर ठेवायचा. कोणाचाही तळवा वर असेपर्यंत त्याचा खाली येत नसे. काम झाले की बाईने दोन्ही रिकामे तळवे पुढे दाखवायचे. दांडेवाल्याने तळव्यांच्या चार जोड्या पाहायच्या, स्वतःचे दोन दाखवायचे आणि मग दांडा ओढायचा. खूण परत आली नाही तर ती झालेलीच नाही, असा तिथला नियम होता. तो कोठेही लिहिलेला नव्हता. नव्या माणसाला तो कोणी शिकवत नसे. परत खूण न देणाऱ्याकडे सगळी ओळ टक लावून बघत राही, एवढ्यावर भागत असे.

माझ्या अहवालात चौतीस पाने होती. यंत्रांना पुढून पारदर्शक असलेल्या पेट्या, पायांखाली रबराच्या गाद्या, छताला आवाज शोषणारे तक्ते. दांड्याची जुनी रचना मला धोकादायक वाटली होती, पण ती माझ्या विषयात येत नव्हती, म्हणून मी ती लिहिली नाही. हेही इथे नोंदवून ठेवते.

चार महिन्यांत काम पूर्ण झाले. बावीस डेसिबलची घट माझ्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी आहे. पहिल्या दिवशी दालन सुरू झाले तेव्हा माणसे दोनतीन मिनिटे नुसती ऐकत उभी राहिली. मग तिसऱ्या यंत्रावरची बाई, जिला सगळ्या मावशी म्हणत, मोठ्याने म्हणाली, “अगं बाई, माझी यंत्राशेजारची एवढी वर्षं फुकटच गेली की गं, किती बोलायचं राहिलंय!” सगळे हसले. कोणीतरी गाणे म्हणू लागले. मुकादम माझ्याजवळ येऊन म्हणाला, “बाई, तुम्ही आम्हाला कान दिलेत.” ताई आपल्या यंत्राशी, ओळीत दुसऱ्या, उभी होती. सगळे हसताना तिने एकेकाचा चेहरा पाहिला आणि मग तीही हसली. हा क्रम माझ्या लक्षात आला होता. त्याचा अर्थ मी लावला नाही.

महिनाभराने ती म्हणाली, “हल्ली तिथे करमत नाही.”

“सवय व्हायला वेळ लागतो,” मी सांगितले. “गोंगाटातून शांततेत आलेल्या कामगारांना साधारण सहा महिने लागतात. यावर अभ्यास झालेला आहे.”

“असेल,” ताई म्हणाली.

आणखी काही महिन्यांनी भाऊजी मला पोहोचवायला रस्त्यापर्यंत आले होते. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, “पूर्वी दालनातली कुठलीही बातमी हिच्या हातून जायची. कोणाचं कोणाशी वाजलं, कोणाची सून रुसली, सगळं. पहिल्या यंत्रावरून निघालेली गोष्ट बाराव्यावर पोचायच्या आत ही तिला मीठमसाला लावून द्यायची. आता त्या बोलतात, हसतात. ही विचारते, काय झालं? त्या म्हणतात, काही नाही गं.”

“मुद्दाम?”

“छे. मुद्दाम कशाला करतील. परत सांगायचा कंटाळा. तू पण करतेस.”

मी करते. फोनवर ताईला एखादे वाक्य तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की मी ‘काही नाही, भेटल्यावर सांगते’ म्हणते. भेटल्यावर मी कधीही सांगितलेले नाही.

त्या वर्षात दालनात दोन छोटे अपघात झाले. एकीचे नख गेले, एकीच्या दोन बोटांची हाडे मोडली. दोन ही संख्या काही सिद्ध करायला लहान असते, असे मी मुकादमाला सांगितले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होते.

तिसरा अपघात मंगळवारी सकाळी सव्वादहाला झाला. ताईच्या ओळीत चौथ्या यंत्रात तार अडकली. लंबूने दांडा ढकलला, चारही यंत्रे थांबली. ओळ थांबलीच आहे तर आपल्याही यंत्रातला तुकडा काढून घ्यावा म्हणून ताईने झाकण उघडले. डावा तळवा डोक्यावर, उजवा हात आत. चौथ्या यंत्राचे काम संपले. लंबूने विचारले, “करू का सुरू?” त्याने दांडा ओढला. ताईच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. मधले, त्याच्या शेजारचे आणि करंगळी.

रुग्णालयात ती शुद्धीवर आली तेव्हा मी खाटेशी बसले होते. तिने पट्टीतला हात पाहिला, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “लंबू कुठाय?”

“घरी. त्याला कामावर येऊ नकोस म्हणून सांगितलंय.”

“का?”

“ताई, त्याने दांडा ओढला.”

“त्याला कशाला बोल लावतेस? अकरा वर्षं माझा हात डोक्यावरून खाली येईपर्यंत त्यानं दांड्याला बोट लावलं नाही. त्याला खाज सुटली तरी खाजवायचा नाही.” तिने पट्टीतला हात उचलून पोटावर ठेवला. “तो गेला तर मी परत त्या दारातून आत जाणार नाही. सांग तुझ्या समितीला.”

समिती माझी नव्हती, पण कागद माझ्याकडे होता.

मी शक्य असलेली कारणे मांडली आणि एकेक खोडत गेले. यंत्रांचा वेग बदललेला नव्हता. प्रकाश बदललेला नव्हता. पेट्यांच्या पारदर्शक बाजूतून ब्याण्णव टक्के प्रकाश पलीकडे जातो आणि समोरच्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसतो, हे मी स्वतः उभी राहून तपासले. पाळीची वेळ तीच होती. बारापैकी अकरा बायका जुन्याच होत्या. थकवा कमी झाला होता, तसे त्यांनी स्वतः लिहून दिले होते. दांड्याची रचना धोकादायक होती, पण ती एकोणीस वर्षेही तितकीच धोकादायक होती, त्यामुळे फरकाचे कारण ती होऊ शकत नव्हती. व्यवस्थापकांचे म्हणणे होते की शांतता मिळाली की माणसे सुस्तावतात. सुस्ती कोणत्या एककात मोजता, असे मी विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. अठरा दिवस गेले.

एकोणिसाव्या दिवशी मी लंबूकडे गेले. दोन खोल्यांचे घर, वरचा मजला. तो दार उघडायला वाकला, कारण चौकट त्याच्या कपाळाला लागते. त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली आणि स्वतः आतल्या दारात उभी राहिली, जाण्याचा तिचा विचार दिसला नाही.

“बाई, काय ते एकदा लिहून टाका,” लंबू म्हणाला. “मला झोप नाही.”

“तुम्ही विचारलंत, करू का सुरू. मग?”

“हो म्हणाल्या.”

“कोण?”

“पहिलीवाली. मग मावशी. मग चौथी.”

“तीन.”

“तीन.”

“यंत्रं चार.”

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबले. “बाई, तीन हो आले ते कानाला कळलं. चौथा आलाच नाही, हे कानाला कसं कळणार? ऐकू काय येणार?”

“पूर्वी कसं कळायचं?”

 लंबूचा डावा हात उचलला गेला आणि तळवा डोक्यावर टेकला. त्याची नजर खोलीत समोरच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे सरकत गेली, चार ठिकाणी थांबली. दुसऱ्या ठिकाणी ती थांबली ती थांबलीच. त्याच्या बायकोने पुढे येऊन त्याचा हात धरून खाली केला.

“पुरे,” ती मला म्हणाली. “आता तुम्ही या.”

मोजमाप करताना मी दालनाचे चित्रीकरण करून ठेवते. कोणत्या क्षणी कोणते यंत्र चालू होते, हे आवाजाच्या नोंदीशी जुळवायला ते लागते. माझ्याकडे तीन संच होते. योजनेआधीचा, काम पूर्ण झाल्यावर महिन्याने घेतलेला आणि बारा महिन्यांनंतरचा. आजवर मी ते फक्त यंत्रांसाठी पाहिले होते. आता आवाज बंद करून माणसांसाठी पाहिले.

काय मोजायचे ते आधी ठरवले. कामावरची मान उचलून दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहणे, अशी एक घटना. प्रत्येक संचातले चार तास घेतले, प्रत्येक माणूस वेगळा मोजला. आठ दिवस लागले. योजनेआधी एक माणूस तासाला सरासरी एकसष्ट वेळा दुसऱ्याकडे पाहत होता. महिन्यानंतर चौतीस वेळा. बारा महिन्यांनंतर सात.

बाकी गोष्टीही दिसल्या. शेवटच्या संचात डोक्यावर तळवा ठेवणारी एकटी ताई होती. इतर जणी ‘थांब रे, हात आहे’ असे तोंडाने सांगत असाव्यात आणि दोन्ही हात यंत्रात घालत होत्या. दांडेवाले खाली बघून दांडा पुसत होते, तोंडे हलत होती. कोणी कामचुकारपणा करत नव्हते. ज्याला ऐकू येते त्याला बघण्याची गरज नव्हती, एवढेच.

सरासरीत एक माणूस बसत नव्हता, म्हणून मी तिचे आकडे वेगळे काढले. बारा महिन्यांनंतरही ताई तासाला सहासष्ट वेळा मान वर करून पाहत होती. तिच्याकडे तासाला चार वेळा पाहिले गेले होते.

ऐकू न येणारी बाई त्या दालनात एकतीस वर्षे इतरांसारखीच होती, कारण तिथे कोणालाच ऐकू येत नव्हते. मी तिचे कान वाचवायला गेले आणि तिच्याखेरीज सर्वांना कान दिले.

पहिल्या संचात आणखी एक घटना आहे. दुसरा दिवस, सकाळी अकरा वाजून सात मिनिटे. मी हातात ध्वनिमापक घेऊन दुसऱ्या यंत्राजवळून जाताना दिसते. ताई मान वर करते. पाच बोटांची चिमूट हनुवटीवर दोनदा ठोकते. मी मापकाच्या आकड्याकडे बघत पुढे जाते. ती पुन्हा ठोकते. मी वहीत काहीतरी लिहिते आणि चौकटीबाहेर निघून जाते. ताई हात तसाच हनुवटीपाशी ठेवून मी गेले त्या दिशेला बघत राहते. मी मोजले, नऊ सेकंद. मग तार अडकते आणि ती कामाला लागते. मी लिहीत होते तो आकडा एकशे एक असावा.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी ताईकडे गेले. ती डाव्या हाताने शर्टाच्या घड्या घालायला शिकत होती. घडी वाकडी होत होती आणि भाऊजी ती चोरून सरळ करत होते. मी तिच्यासमोर बसले, तोंड तिला दिसेल असे, आणि सगळे आकडे सांगितले. एकसष्ट, चौतीस, सात. सहासष्ट आणि चार. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

“एवढं मोजलंस?”

“हो.”

“किती दिवस?”

“आठ.”

“मला विचारायचंस की. एका वाक्यात सांगितलं असतं. आता कोणी बघत नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?” माझा आवाज चढला होता. तो चढलेला तिला ऐकू येणार नाही, हे ध्यानात येऊन मला जास्तच लाज वाटली. “ताई, तू एकदाही का नाही सांगितलंस?”

“करमत नाही म्हटलं होतं की.” तिने शर्ट बाजूला ठेवला. “तू म्हणालीस, यावर अभ्यास झालाय.”

भाऊजींनी शर्ट उचलला आणि ते आतल्या खोलीत गेले.

“लंबूचं काय?” ताईने विचारले.

“तो राहील. मी तसं लिहिणार आहे.”

“आणि काय लिहिणार?”

“जे झालं ते.”

तिने मान डोलावली. मग जुन्या सवयीने उजवा हात वर केला. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट, एवढीच चिमूट होत होती. ती हनुवटीवर दोनदा ठोकली. मी जेवले नव्हते. मी पाचही बोटांची चिमूट करून तिला परत दिली, तिच्या चेहऱ्याकडे बघत, आणि तिने हात खाली घेईपर्यंत माझा खाली घेतला नाही. याने काही भरून निघत नाही. मला ते ठाऊक आहे, आणि मला वाटते तिलाही आहे.

तिसाव्या दिवशी मी अभिप्राय दिला. समितीने ठेवलेली पेन्सिलची ओळ खोडरबराने पुसली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र कळ असावी, ही शिफारस आधीच करायला हवी होती, ती आता केली. मोजणीचे तक्ते जोडले. शेवटच्या पानावर कारणासाठी काही ओळींची मोकळी जागा असते. तिथे शाईने पुढील मजकूर लिहिला आणि खाली सही केली.

गोंगाटामुळे दालनातली माणसे खुणांनी बोलत. खूण पाहावी लागते, म्हणून ती एकमेकांकडे पाहत, आणि कोणाचा हात आत आहे हे सर्वांना दिसत असे. मी आवाज कमी केला. माणसे तोंडाने बोलू लागली आणि एकमेकांकडे पाहीनाशी झाली. जिला ऐकू येत नव्हते तिचा होकार आला नाही, हे कोणाला दिसले नाही. ती खूण करत होती, पण बघणारे कोणी नव्हते. दांडेवाल्याचा दोष नाही. खुणांमुळे काय घडत होते, याची चौकशी मी आवाज कमी करण्यापूर्वी केली नाही.